चुलीचे जळण आणि देहाचे वजन

परकीय संज्ञा मराठीत आणताना तिच्यासाठी शब्द बहुधा सापडतो. परंतु तिच्यामागची वस्तुस्थिती वाटेत बदलून जाते, असा अनुभव परिभाषेचे काम करणाऱ्यास वारंवार येतो. ‘इंधनदारिद्र्य’ हा शब्द त्याचे अलीकडचे उदाहरण म्हणून घेता येईल. ही संज्ञा इंग्लंडातून आली. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दशांशाहून अधिक खर्च करावा लागतो ते कुटुंब इंधनदरिद्री समजावे, अशी कसोटी रूढ झाली. थंड हवेच्या देशात ही कसोटी समजण्याजोगी आहे. तेथे हिवाळ्यात घर गार राहिले तर वृद्ध आजारी पडतात, लहान मुलांची वाढ खुंटते, आणि घर गरम ठेवावे तर तेवढा पैसा जेवणातून काढावा लागतो.

हीच कसोटी पुणे जिल्ह्यातील नसरापूरच्या परिसरात लावू गेल्यास ती दोन्ही बाजूंनी फसते. पहिली गोष्ट अशी की, येथील घरगुती इंधनाचा मुख्य प्रश्न उबेचा नसून अन्न शिजविण्याचा आणि पाणी तापविण्याचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. येथे जळणाचा बराच भाग अद्यापि विकत घेतला जात नाही. तो पायांनी चालून आणि डोक्यावर वाहून मिळविला जातो. उत्पन्नाचा दशांश मोजणाऱ्या कसोटीप्रमाणे ज्या घरात जळणावर एक पैसाही खर्च होत नाही ते घर सर्वांत सुस्थितीत ठरेल, आणि असे घर बहुधा गावातील सर्वांत गरीब घर असते. तेव्हा इंधनाची ओढाताण माणसाच्या वजनावर व आरोग्यावर कशी उतरते हे आपल्या प्रदेशापुरते समजून घ्यावयाचे, तर हिशेबाचे माप बदलले पाहिजे. प्रस्तुत लेखिकेचा विषय भाषाशास्त्र; पोषणशास्त्रात तिला अधिकार नाही. तथापि बोलीच्या नोंदी घेत असता हाती आलेल्या शब्दांनीच तिला या विषयाकडे नेले, म्हणून हे विवेचन.

पुणे-सातारा हमरस्त्यावरील चेलाडी फाट्याहून पश्चिमेस वळले की नसरापूर लागते. भोर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. बनेश्वराच्या देवळामुळे शहरातील लोकांना ते ठाऊक असते. येथून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पुढे सरकावे तसा पाऊस वाढतो, भाताची खाचरे दिसू लागतात आणि डोंगर जवळ येतात. या पट्ट्यात जळणासाठी एक शब्द नाही. ‘सरपण’ म्हणजे चुलीत घालावयाचे लाकूड. ‘जळण’ या शब्दात त्याखेरीज गोवऱ्या, तुराट्या, पाचट असे काहीही येऊ शकते. ‘लाकूडफाटा’ म्हटले की पावसाळ्यापूर्वी साठवून ठेवावयाच्या बेगमीचा अर्थ मनात येतो. ‘काटक्या’ या वेचावयाच्या असतात, तोडावयाच्या नसतात. ‘इंधन’ हा शब्द मूळचा ‘इन्ध्’ म्हणजे पेटणे या संस्कृत धातूपासून आलेला आणि म्हणून या सर्वांचा थोरला भाऊ. पण तो बोलण्यात फारसा येत नाही. आला तर तो मोटारीच्या संबंधात येतो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ‘सरपण’ हे वस्तूचे नाव असले तरी बोलण्यात ते पुष्कळदा एका कामाचे नाव होते. बाई ‘सरपणाला गेली’ म्हणतात, जशी ती ‘पाण्याला’ जाते किंवा ‘कामाला’ जाते. चतुर्थीच्या या एका प्रत्ययात जाणे, वेचणे, बांधणे, उचलणे आणि परत येणे ही सगळी क्रिया सामावलेली आहे. पैशाने घेतलेल्या वस्तूसंबंधी असा प्रयोग होत नाही. सिलिंडरला कोणी ‘जात’ नाही. तो ‘आणतात’ किंवा ‘येतो’.

या जाण्याची किंमत मोजता येते, आणि ती मोजण्याचे एकक मराठीत अगोदरच तयार आहे. आहारशास्त्रातील ‘कॅलरी’ या शब्दासाठी आपण ‘उष्मांक’ हा शब्द योजला. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता, असे त्याचे माप आहे. भाकरीत किती उष्मांक आहेत हे सांगताना आपण नकळत भाकरीला जळण समजतो, आणि शास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे. लाकूड चुलीत जळते, अन्न देहात जळते. दोन्हीचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो. तसा तो सहसा मांडला जात नाही, कारण चुलीचे उष्मांक इंधनखात्याच्या कागदांत मोजले जातात आणि देहाचे उष्मांक आरोग्यखात्याच्या.

स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत सुमारे १०,९०० उष्मांक असतात. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, आणि शेगडीवर त्यातील सुमारे ६० टक्के उष्णता भांड्यास पोहोचते असे धरले, तर एका सिलिंडरपासून सुमारे ९३,००० उष्मांक भांड्यापर्यंत जातात. सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,००० उष्मांक असतात. परंतु साध्या मातीच्या चुलीत त्यांतील दहा ते पंधरा टक्केच भांड्यास मिळतात, बाकीची उष्णता भिंतीस, हवेस आणि धुरास जाते. बारा टक्के धरल्यास एका सिलिंडरचे काम करण्यास सुमारे १९० किलो सुके लाकूड लागेल. चोवीस किलोची एक मोळी धरली तर अशा आठ मोळ्या झाल्या.

आता दुसरे पान. पुण्याजवळच्या ग्रामीण भागात १९९३ पासून जो गर्भवतींचा प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यातील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. एवढ्या वजनाची तरुण स्त्री स्वस्थ पडून असता मिनिटास पाऊण उष्मांक खर्च करते. चढउताराच्या वाटेने मोळी आणताना हा खर्च तिप्पट-साडेतिप्पट होतो. जाण्यायेण्यास व वेचण्यास चार तास धरले तर बसून राहण्याच्या मानाने एका खेपेस सुमारे ४५० उष्मांक अधिक लागतील. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० उष्मांक असतात. म्हणजे एका मोळीमागे दोन भाकऱ्यांहून थोडे अधिक. आठ मोळ्यांना ३,६०० उष्मांक. त्या अभ्यासातील स्त्रियांचा दिवसाचा आहार सुमारे १,८०० उष्मांकांचा होता. तेव्हा एका सिलिंडरइतके सरपण आणण्यात अशा स्त्रीचे दोन दिवसांचे अन्न जाते. ते भरून निघाले नाही तर देहातील चरबीच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा किलो वजन.

हा आकडा अर्थातच ढोबळ आहे, आणि देह इतक्या सरळ अंकगणिताने चालतही नाही. अन्न कमी पडले की तो काटकसर करू लागतो. माणूस मंद हालचाल करतो, संधी मिळेल तेथे बसतो, खेळणे-बोलणे टाळतो. बाहेरून ही काटकसर आळस म्हणून दिसते. वजन काही काळ टिकते; पण गर्भारपण आले, दूध पाजण्याचे दिवस आले, की ज्या शिलकीतून खर्च भागवावयाचा ती शिल्लकच नसते.

चूल आणि देह यांचे खाते एकत्र मांडण्याचा विचार महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे आणि तो विसरला गेला आहे, हे नमूद केले पाहिजे. १९८२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकात श्रीलता बाटलीवाला यांचा ग्रामीण ऊर्जाटंचाई व पोषण यांवरील लेख प्रसिद्ध झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील पुरा या गावी घरोघर वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेची मोजणी केली होती. तिच्यात माणसांच्या श्रमाचे तासही धरलेले होते, आणि त्या श्रमांतील निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा होता. बाटलीवाला यांनी ही मोजणी आहाराच्या बाजूने वाचली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कुपोषण म्हणजे खाल्लेले आणि खर्चलेले यांतील अंतर. हे अंतर मिटविण्यासाठी अन्न वाढविणे हा एक मार्ग. पण सरपण, पाणी आणि स्वयंपाक यांवर खर्च होणारे देहाचे उष्मांक वाचविणे हा दुसरा मार्ग तितकाच खरा आहे, आणि गरीब घरात तो अधिक जवळचा असू शकेल. चांगली चूल आणि जवळचा नळ यांना त्यांनी आहारयोजनेच्या पंक्तीस बसविले. चार दशकांनंतरही पोषणाच्या योजनांत चुलीचा आणि चुलीच्या योजनांत वजनकाट्याचा उल्लेख क्वचितच आढळतो; तेव्हा हा विचार जुना झाला असे म्हणवत नाही.

बाटलीवाला यांचे प्रतिपादन हिशेबाचे होते. त्याला प्रत्यक्ष वजनांचा आधार पुढे पुणे जिल्ह्यातच मिळाला. वर ज्याचा उल्लेख आला तो अभ्यास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने सहा खेड्यांत झाला. त्यात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांच्या आहाराबरोबर त्यांच्या कामाचीही नोंद ठेवली. शेतातील काम, विहिरीवरून पाणी आणणे, कपडे धुणे अशा नित्याच्या कामांना गुण देऊन प्रत्येक स्त्रीच्या श्रमाचा अंक काढण्यात आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या स्त्रियांचा श्रमांक अधिक होता त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरीने कमी आढळले. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांतही हा संबंध दिसला. सरपण हे या श्रमांपैकी एक. पाण्याच्या घागरीपासून ते वेगळे काढून दाखविता येत नाही, कारण एकच स्त्री दोन्ही वाहते. परंतु वाहणाऱ्या देहाचा भार गर्भातल्या देहावर उतरतो, एवढे या अभ्यासावरून म्हणता येते.

याच अभ्यासाची दुसरी बाजू पुण्याबाहेरही गाजली. या खेड्यांतील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते. इंग्लंडातील साउथॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. इतक्या अंतरावरून पुण्याची बाळे सर्वच मापांनी तितकीच लहान असावीत असे वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. म्हणजे काट्यावर कृश आणि घडणीने स्थूल. अशा देहाला पुढे वयात आल्यावर थोडे अधिक खायला मिळाले, चालणे कमी झाले, की मधुमेहाचा धोका वाढतो, असे प्रतिपादन याज्ञिक यांनी केले. ज्या आजाराला आपण सुखवस्तू माणसाचा आजार म्हणत आलो त्याचे एक मूळ अशा रीतीने कष्टकरी मातेच्या गर्भारपणात, म्हणजे तिच्या घागरीत आणि मोळीत, सापडू शकते.

येथवर आपण विकत न घेतलेल्या जळणाचा विचार केला. आता विकतच्या जळणाकडे वळू. पैशाने जळण घेणाऱ्या घरात ओढाताण निराळ्या मार्गाने वजनापर्यंत पोहोचते, आणि या मार्गाचे सर्वांत स्पष्ट मापन अमेरिकेत झालेले आहे. जयंत भट्टाचार्य, जॅनेट करी आदी संशोधकांनी २००३ साली दाखविले की, कडाक्याच्या थंडीत गरीब कुटुंबांचा इंधनखर्च जितका वाढतो जवळजवळ तितकाच त्यांचा अन्नखर्च घटतो, आणि हिवाळ्यात या घरांतील मोठी माणसे व मुले दिवसाला सुमारे २०० उष्मांक कमी खातात. श्रीमंत घरांत थंडीमुळे दोन्ही खर्च वाढतात. ‘ऊब की अन्न’ असा हा पेच.

आपल्याकडे पेच ‘शिजविणे की शिजविण्याजोगे काही आणणे’ असा असतो. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. जोडणी मिळण्याचा अडसर या योजनेने बऱ्याच अंशी दूर केला, हे तिचे यश मान्य केले पाहिजे. परंतु जोडणी एकदाच घ्यावयाची असते, आणि सिलिंडर पुनःपुन्हा भरावा लागतो. मे २०२० पासून अनुदान जवळजवळ थांबले. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थींसाठी सिलिंडरमागे २०० रुपये पुन्हा सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी किंमत एकदम २०० रुपयांनी उतरली, त्यापूर्वी ती अकराशेच्या घरात गेली होती. मार्च २०२४ मध्ये ती आणखी १०० रुपयांनी कमी होऊन आठशेच्या आसपास आली. त्या सुमारास, २०२४-२५ साली, महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे किंमत उतरल्यावरही एक सिलिंडर तेव्हा तीन दिवसांच्या मजुरीच्या जवळ जात होता. अनुदान धरून हिशेब दोन दिवसांखाली येत होता खरा, पण दारात सिलिंडर येतो तेव्हा पूर्ण रक्कम मोजावी लागते. अनुदान मागाहून खात्यात जमा होते.

येथे एक साधी गोष्ट शहरातील वाचकाच्या ध्यानात येत नाही. गरिबाच्या घरात पैसा थोडाथोडा येतो आणि थोडाथोडाच जातो. तेल पावशेर मिळते, डाळ अर्धा किलो मिळते, मिठाची पुडी मिळते. सिलिंडर मात्र एकरकमीच घ्यावा लागतो. पूर्वी रेशनवरचे रॉकेल लिटराच्या मापाने मिळे, त्याचा वास आणि काजळी काहीही असो, हे माप गरिबाच्या मिळकतीशी जुळणारे होते. एकरकमी एवढे रुपये ज्या आठवड्यात जातात त्या आठवड्याच्या बाजारात काही तरी राहून जाते. काय राहते हे उघड आहे: तांदूळ राहत नाही, मीठ-मिरची राहत नाही. डाळ, शेंगदाणे, अंडी, भाजी, दूध ही राहतात. ताटातील उष्मांक फारसे घटत नाहीत, पण प्रथिने व लोह घटतात. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ साली, आढळले आहे. त्याला कारणे अनेक आहेत. पण बाजाराच्या पिशवीतून प्रथम काय गळते हा प्रश्न त्यांत गणला जावा.

जळण महागले की काय शिजते यातही फरक पडतो. तांदूळ थोड्या वेळात होतो. हरभरा, पावटा, मसूर, कुळीथ यांना वेळ लागतो. जुने धान्य असले तर अधिकच. ज्या अन्नात प्रथिने अधिक तेच अन्न जळणही अधिक मागते, ही गरिबाच्या स्वयंपाकघरातील मोठी विसंगती होय. दाबाच्या भांड्याने, म्हणजे कुकरने, ती पुष्कळ कमी केली आहे, आणि आमच्या मते गेल्या अर्धशतकात ग्रामीण पोषणावर कुकरने केलेला उपकार कोणी नीट लिहून ठेवलेला नाही. त्याच्या अगोदर हे काम वैल करीत असे. चुलीच्या मुख्य तोंडामागे असलेले हे दुसरे तोंड. त्यावर वाया जाणाऱ्या आचेवर डाळ रटरटत राही किंवा पाणी तापे. गॅसच्या शेगडीला वैल नाही. आंघोळीचे पाणी तापवावयाचे तर गॅस जाळावा लागतो, आणि तो जिवावर येतो. म्हणून ज्या घरात गॅस आहे त्याही घराच्या मागील अंगणात पाण्यासाठी एक चूल किंवा बंब पेटतो, आणि एकदा पेटला की त्यावर भाकरीही होते. दोन्ही इंधने शेजारी शेजारी नांदण्याचे कारण पुष्कळदा सवयीत शोधले जाते. वास्तविक ते वैलाच्या अभावात शोधले पाहिजे.

वजन कमी होण्याबरोबर वाढण्याचाही मार्ग येथूनच निघतो. शिजविणे परवडत नाही किंवा दमलेल्या देहाला झेपत नाही तेव्हा तयार खाणे येते: चहाबरोबर बिस्किटे, खारी, फरसाण, वडापाव. यांच्या किमतीत जळणाची किंमत अगोदरच मिसळलेली असते, आणि ती कारखान्याच्या किंवा गाडीवाल्याच्या मोठ्या भट्टीमुळे स्वस्त पडते. पाच रुपयांच्या पुड्यात मैदा, साखर आणि तेल यांचे उष्मांक भरपूर असतात. देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि २४ टक्के स्थूल, असे त्याच पाहणीचे आकडे सांगतात. ही दोन टोके दोन वेगळ्या वर्गांची मानण्याची आपली सवय आहे. वर सांगितलेल्या कृश-स्थूल बाळाची आई आणि बिस्किटाच्या पुड्यावर दुपार काढणारी तिची मोठी झालेली मुलगी या एकाच घरात असू शकतात.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. हमरस्त्याने पुण्याहून येताना दोन्ही बाजूंच्या खाणावळींवर ‘चुलीवरची भाकरी’, ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या दिसतात आणि शहरातील गिऱ्हाईक त्यासाठी आनंदाने चार पैसे अधिक मोजते. ज्या बाईला घरी चुलीपासून सुटका हवी असते तिच्या चुलीला रस्त्यावर असे भाव येतात.

आता धुराविषयी. या विषयावर सर्वांत अधिक लिहिले गेले ते धुरावर, म्हणून येथे थोडक्यात. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर मोजला, तेव्हापासून घरातील धूर हा जगभर आरोग्याचा प्रश्न मानला गेला. घरातील अशा प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो. ज्या मातेच्या रक्तात मुळातच लोह कमी तिच्या गर्भाला त्याचा जाच दुहेरी. भोर-वेल्ह्याच्या पावसात ओले लाकूड जळताना धूर किती होतो हे ज्याने पाहिले आहे त्याला आकड्यांची गरज नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील हिंसेची जी पाच ठिकाणे सांगितली त्यांत चुलीचे नाव पहिले आहे. तेथे अभिप्रेत हिंसा किड्यामुंग्यांची. चुलीपुढे बसणारीचा विचार स्मृतिकारांच्या मनात नव्हता.

तथापि धुराला सर्व दोष देऊन भागत नाही, याचा एक पुरावा अलीकडेच पुढे आला आहे. ग्वाटेमाला, पेरू, रुआंडा आणि आपल्याकडील तामिळनाडू येथे ३,२०० गर्भवतींवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि लागेल तेवढा गॅस फुकट देण्यात आला. या घरांत चुलीचा वापर जवळजवळ थांबला, श्वासात जाणारा धूर पुष्कळ घटला. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या बाळांच्या जन्मवजनात सुमारे वीस ग्रॅमचाच फरक दिसला, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. काही वाचकांनी यावरून गॅस निरुपयोगी ठरविला. हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रयोगातील गॅस गर्भधारणेनंतर, कित्येकींना चवथ्या महिन्याच्या सुमारास मिळाला. त्यापूर्वीच्या पंधरा-वीस वर्षांच्या मोळ्या, घागरी आणि अपुरी ताटे तोवर मातेच्या देहात जमा झालेली होती. बाळाचे वजन मातेच्या उंचीवर व गर्भधारणेपूर्वीच्या वजनावर पुष्कळ अवलंबून असते, आणि ती दोन्ही मापे तिच्या बालपणापासून घडत येतात. सरपणाला जाणाऱ्या मुलीचे वय पाहिले की हे समजते.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येतो, कारण या विषयातील एक मोठी चूक प्रश्नावलीच्या भाषेत होते असे आमचे मत आहे. पाहण्यांत विचारले जाते: आपल्या घरी स्वयंपाकासाठी प्रामुख्याने कोणते इंधन वापरतात? पाचव्या आरोग्य पाहणीत देशातील ५८.६ टक्के घरांनी स्वच्छ इंधन सांगितले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ४३.८ टक्क्यांनी. वाढ खरी आहे. पण नसरापूर भागात ‘इंधन’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम गॅसच येतो, कारण तोच तेवढा इंधन या शब्दाच्या तोलाचा. सरपण हे त्या शब्दात बसत नाही. ‘प्रामुख्याने’ या शब्दाने तर उत्तर जवळजवळ ठरवूनच दिलेले असते, कारण कोपऱ्यात कापडाचे झाकण घालून ठेवलेली वस्तू मुख्य आणि मागील अंगणातील तीन दगड गौण, हे कोणीही सांगेल.

मराठीत कुटुंबाचे एकक अजूनही चूल हेच आहे. भाऊ विभक्त झाले की ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात, सगळ्या घराला जेवावयास बोलाविले की ते आमंत्रण ‘चूलबंद’ असते. सरकारी पाहणीतही एका स्वयंपाकात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, अशीच व्याख्या आहे. म्हणून प्रश्न चुलीच्या शब्दांत विचारला तर उत्तर निराळे येते. ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत चूल किती वेळा पेटली, आणि कशासाठी?’ असे विचारल्यावर पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण, बाळंतिणीचा शेक असे सगळे बाहेर येते. ‘गेल्या वर्षी किती सिलिंडर घेतले?’ या प्रश्नाला संख्या मिळते, आणि ती बहुधा अंदाजाने वाढवून सांगितलेली असते. ‘हा सिलिंडर कधी आणला?’ असे विचारले तर महिना सांगत नाहीत. लावणीच्या आधी, गौरीला, दिवाळीत पाहुणे येणार होते तेव्हा, असे सांगतात. अशा तीन-चार खुणा मिळाल्या की दोन सिलिंडरांमधले अंतर पंचांगावरून काढता येते. त्याच वेळी घरातील पाच वर्षांखालील मुलांची वजने अंगणवाडीच्या नोंदवहीत महिनावार लिहिलेली असतात. ही दोन टिपणे शेजारी ठेवून वाचण्यास भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या विभागातील व शेजारच्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी येत्या आषाढात, चूल सर्वांत ओली असते तेव्हा, हे काम हाती घेईल तर नसरापूर ते वेल्हे या पट्ट्यातील शब्दांची आमच्याजवळची टिपणे त्यास उपलब्ध आहेत.